डबल वकिलाचे तीन रकाने

भोरात त्या काळी वकील बरेच होते, पण डबल वकील एकच. बी.ए. झाले, वकिलीची परीक्षा दिली, सनद घेतली. एवढं हातात आल्यावर माणूस काळा कोट शिवून कोर्टात उभा राहतो. हे परत पुण्याला गेले आणि दोन वर्षं घालवून फौजदारी कायद्याची आणखी मोठी परीक्षा देऊन आले. एल.एल.एम. तो शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून डबल वकील. वेल्ह्याकडच्या लोकांना वाटायचं, डबल वकील म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडणारा. एक म्हातारा तर ज्याच्यावर फिर्याद करायची त्या चुलतभावालाच बरोबर घेऊन आला होता. म्हणाला, "तुमी दोगांचंबी बगता म्हनं." वकिलांनी दोघांनाही बसवून घेतलं, चहा पाजला आणि दोघांचंही ऐकून घेतलं. भांडण मिटलं नाही, पण दोघं एकाच एसटीनं परत गेले.

मी त्यांच्याकडे झाडलोट करायला आणि पाणी भरायला होते. माझं शिक्षण मार्गासनीच्या शाळेत चौथीपर्यंत. लग्न होऊन भोरला आले. आमचे मालक हायस्कुलात शिपाई होते. आम्ही बौद्ध. वकिलांच्या आळीतल्या काही बायकांना मी त्यांच्या घरात पाणी भरते हे खपत नव्हतं. एकीनं त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "पाणी विहिरीचं आहे. बाईंनी फक्त उचलून आणलं." आणि टोपी काढून नमस्कार करून पुढे गेले. भांडायचं म्हणून भांडणारा माणूस नव्हता तो. पण सांगायचं ते सांगायचाच.

लग्न केलेलं नव्हतं. कोटाची तीन बटणं काळी आणि एक तपकिरी. जेवायला बसले की मधेच उठून पुस्तक आणायला जायचे आणि तिकडेच उभे राहून वाचायचे, भाकरी ताटात वाळायची. मी पहिल्या महिन्यात तोंडावर सांगितलं, "ह्यापुढं भाकरी तुमाला पुस्तकाच्या कपाटावर ठिवत जाईन." ते म्हणाले, सोयीचं होईल. खरंच तसं ठेवायला लागले मी.

सगळे त्यांना एकच विचारायचे. सनद पहिल्या पदवीवर मिळते, कोर्टात खुर्ची सगळ्या वकिलांना सारखीच, मग ह्या दुसरीतून मिळालं काय? ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. न्हाव्याला म्हणाले, पुण्याच्या मेसमधली आमटी चांगली होती. आळीतल्या म्हाताऱ्या मास्तरांना म्हणाले, पहिल्यांदा पास झालो त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून परत बसून बघितलं. कोर्टातल्या एका जोडीदार वकिलाला म्हणाले, "तुमच्यापेक्षा दोन वर्षं उशिरा आलो, एवढाच फायदा." मीही एकदा विचारलं. मला म्हणाले, "अजून बघतोय."

त्या पदवीचा कागद काचेत बसवून भिंतीला लावलेला होता, पण अशा जागी, की कचेरीचं दार उघडलं की तो दाराआड जायचा. दार दिवसभर उघडंच असायचं. म्हणजे पक्षकारांना तो कधी दिसलाच नाही. मला रोज दिसायचा, कारण झाडताना दार लोटावं लागायचं. मी म्हटलं, समोर लावा की. ते म्हणाले, "लोक आधीच घाबरून आलेले असतात."

पुण्यातल्या एका कॉलेजातून त्यांना पत्र आलं होतं, शिकवायला या म्हणून. चांगली नोकरी. त्यांनी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. कार्ड उघडंच असतं, मला वाचता येतं, मी वाचलं. लिहिलं होतं, "सध्या एका शब्दाचं काम चालू आहे. ते संपलं की कळवतो."

तो शब्द म्हणजे 'व्हय'.

हे मला नीट सांगायला हवं. पुण्याला त्यांनी जो मोठा निबंध लिहिला होता तो कबुलीवर होता. माणूस गुन्हा कबूल करतो म्हणजे नक्की काय करतो, भीतीनं करतो का, समजून करतो का, असलं सगळं. त्यांचं म्हणणं, पुस्तकांत कबुलीचे सगळे प्रकार सापडले, पण भोर-वेल्ह्याचा माणूस मान खाली घालून 'व्हय' म्हणतो तो प्रकार कुठल्याच पुस्तकात नव्हता. आपल्याकडे कुणी बोलत असलं की ऐकणारा मधे मधे व्हय म्हणतो. न म्हटलं तर बोलणाऱ्याला वाटतं, ह्याचं लक्ष नाही. समोर मोठा माणूस असला तर दर वाक्याला म्हणावं लागतं, नाहीतर उर्मट दिसतं. तो व्हय म्हणजे 'ऐकतोय'. खरं आहे असं नाही.

म्हणून त्यांनी लांबट वही केली होती. पानावर तीन रकाने. पहिल्याच्या डोक्यावर 'ऐकलं', दुसऱ्याच्या 'कबूल' आणि तिसऱ्याच्या 'जाऊ द्या'. तिसरा म्हणजे, समोरच्यानं पिच्छा सोडावा म्हणून म्हटलेला व्हय. कोर्टात स्वतःचं काम असो नसो, रोज अकराला जाऊन मागच्या बाकावर बसायचे. कुणीही व्हय म्हटलं की तो कुठल्या रकान्यात जातो हे ठरवायचं, लिहायचं आणि खाली तारीख घालायची. बाजाराच्या दिवशी एसटीनं वेल्ह्याला जायचे आणि मेंढरं विकणाऱ्यांच्या मधे वही उघडून उभे राहायचे. लोकांना आधी वाटलं सरकारी मोजणी आहे. मग कळलं की डबल वकील आहेत, तेव्हा लोकांनी लक्ष देणं सोडलं.

माझ्यावरही प्रयोग चालायचे. ते म्हणायचे, बाई, उद्या दिव्यात रॉकेल घाला. मी म्हणायचे, व्हय. लगेच वही. "आत्ताचा कुठला?" एकदा मी वैतागून म्हटलं, "डोस्कं उठल्याला." त्यांनी तेही समासात लिहून घेतलं. मला वाटायचं, माणूस चांगला आहे पण शिकून वाया गेला.

अशातच एका दिवाळीच्या सुट्टीत हायस्कुलातली घंटा चोरीला गेली. पितळी, ताटाएवढी, कुणीतरी देणगी दिलेली. सुट्टी संपली आणि बघतात तर पडवीत नुसता आकडा लोंबतोय. शाळेच्या चाव्या आमच्या मालकांकडे असायच्या, म्हणून नाव त्यांचं आलं. आणखीही एक कारण होतं. ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मालकांना घरी बसवलं. गुन्हा शाबीत झाला की नोकरी गेली, हे त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं. घरात दोन मुली, सासू. शिपायाची नोकरी आमच्यात तेव्हा किती जणांना होती? ती गेली तर परत मालकांच्या गावी, कामथडीला जाऊन दुसऱ्याच्या बांधावर राबायचं.

मी डबल वकिलांना सांगितलं नाही. लाज वाटली. दुसरं म्हणजे मालकांनी बजावलं होतं. त्यांचं म्हणणं, वकील केला म्हणजे लोक म्हणतील ह्यानं केलंयच. आणि तिसरं कारण खरं सांगायचं तर, मला त्या वहीवाल्या माणसाचा भरवसा नव्हता. तारखेच्या दिवशी, अंगात कणकण आहे अशी वेड्यावाकड्या अक्षरात चिठ्ठी लिहून ठेवली आणि कोर्टाच्या दाराशी जाऊन बसले.

न्यायाधीश नवे होते, मुंबईकडचे. माणूस वाईट नव्हता, पण समोर फायलींचा ढीग. मालक पिंजऱ्यात हात जोडून, मान घालून उभे. आरोप वाचायला सुरुवात झाली. सदर आरोपीने अमुक शाळेत नोकरीस असताना. "व्हय." आपल्या ताब्यातील चाव्यांचा गैरफायदा घेऊन. "व्हय." पितळी धातूची एक घंटा. "व्हय साहेब." वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, समजलं का? व्हय. गुन्हा कबूल आहे का?

"व्हय साहेब."

कारकून लिहायला लागला. मी तिथं दारात होते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मीही त्याच बोलीतली. साहेब बोलतायत, हे व्हय म्हणतायत, रीतीनं चाललंय असंच कानाला वाटलं. तेवढ्यात मागचं बाक करकरलं आणि डबल वकील वही हातात घेऊन उभे राहिले.

"साहेब, आरोपी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं."

"तुम्ही ह्याचे वकील आहात?"

"नाही. मी ऐकत होतो."

"तो होय म्हणाला. तेच लिहितोय."

"तो व्हय म्हणाला, साहेब. तो वेगळा शब्द आहे."

कोर्टातले बाकीचे वकील हसले. त्यांना वाटलं, झालं ह्याचं सुरू. न्यायाधीशांनी विचारलं, वेगळा कसा? डबल वकिलांनी वही उघडली. म्हणाले, आरोप वाचून होईपर्यंत हा माणूस अकरा वेळा व्हय म्हणाला आहे, त्यातल्या नऊ वेळी तर वाक्यसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. अर्ध्या वाक्याला कोण कबुली देईल? हे तो साहेबांना मान देतोय. आपण त्या मानालाच कबुली समजलो तर ह्या तालुक्यात निर्दोष माणूस उरणार नाही.

न्यायाधीश चिडले. मालकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "काय रे, मग घंटा काय मी चोरली?"

मालकांनी हात आणखी घट्ट जोडले.

"व्हय साहेब."

कुणी हसलं नाही. पट्टेवाल्यानं तेवढं बाहीत तोंड घातलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कारकुनाला सांगितलं, खोडा ते. मग मालकांना सावकाश, साध्या भाषेत विचारलं, की घंटा तू नेलीस का. व्हय म्हणू नकोस, मान हलवू नकोस, काय ते पुरं सांग.

मालकांनी कारकुनाकडे बघितलं. मग म्हणाले, "चाव्या माज्याकडं हुत्या. घंटा सुट्टीच्या आदी हुती, मंग न्हवती. म्या काय सांगू."

डबल वकिलांनी आग्रह धरून हेच वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं. ही कबुली नव्हे असं धरून केस पुढे चालली. तेव्हा कुठे ते मागे वळले आणि त्यांनी मला दारात बघितलं. जवळ येऊन एवढंच विचारलं, "कणकण कशी आहे?" मी म्हटलं, "बरी हाय." वकीलपत्रावर मालकांची सही त्याच दुपारी घेतली.

केस लांबली, पण सुटले. डबल वकिलांनी शाळेत जाऊन बघितलं तर घंटा टांगायची ती पडवी, तिला दारच नव्हतं. कुलपाआड नसलेली वस्तू नेली म्हणून चावीवाल्याला धरलं होतं, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आमच्यासुद्धा. मालक परत कामावर गेले. शाळेनं घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला. पुढची सगळी वर्षं मालकांनी तोच वाजवला.

गावात ही हकिगत पसरली तशी लोक हसून परत विचारायला लागले, काय वकीलसाहेब, दुसऱ्या पदवीत व्हय शिकवतात काय? ते म्हणायचे, शिकवत नाहीत, तीच तर अडचण आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की त्या दुसऱ्या पदवीतून आमच्या घरची भाकरी मिळाली. पण पाणी भरणारीला असलं कोण विचारतंय.

त्यानंतर त्यांनी एक नवंच काढलं. पक्षकार आला की त्याला कोर्टात नेण्याआधी कचेरीत उभं करायचं आणि मला स्टुलावर बसवायचं. मी न्यायाधीश. पदर दोन्ही खांद्यांवरून डगल्यासारखा घेऊन मी कडक आवाजात विचारायचे, गुन्हा कबूल आहे का. समोर वरव्याचा, मार्गासनीचा, कुठचा कुठचा माणूस, मला ओळखणारा, माझ्या हातचं पाणी पिऊन बसलेला. तरी स्टुलावरून विचारलं की हात जोडून म्हणायचा, "व्हय." मग डबल वकील त्याला बाजूला घेऊन शिकवायचे, "न्हाई, म्या केलं न्हाई" असं पुरं म्हणायचं. काहींना तो 'न्हाई' तोंडातून काढायला आठ-आठ दिवस लागायचे. मोठ्या माणसापुढे तो कधी काढलेलाच नव्हता. एका बाईनं पहिल्यांदा नीट 'न्हाई' म्हटलं आणि ती स्वतःच दचकून खाली बसली.

सगळ्या केसेस ते जिंकत नव्हते. बऱ्याच हरायचे. एका शब्दावरून इतका वेळ घ्यायचे, की न्यायाधीश घड्याळाकडे बघायला लागायचे आणि पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे. ते गेले तेव्हा कचेरीत पुस्तकं, वह्या आणि एक कोट एवढंच निघालं. पण त्यांनी हात धरलेल्या माणसाच्या नावावर, तो बोलला नव्हता असा एक शब्दही कधी चढला नाही. हे मी स्टुलावर बसून बघितलेलं आहे.

आता माझं सांगते. केस सुटली, पण माझ्या मनातून एक गेलं नव्हतं. मालक कोर्टात जे बोलले त्यात 'म्या नेली न्हाई' हे कुठे होतं? मी ते वाक्य मनात शंभर वेळा फिरवलं. चाव्या हुत्या, घंटा हुती, मंग न्हवती. रोज सकाळी तो लोखंडाचा ठोका कचेरीत ऐकू यायचा आणि माझा झाडूवरचा हात थांबायचा. नोकरी वाचली, पण मी कुणाबरोबर राहते आहे हे मला कळत नव्हतं. शेवटी एकदा डबल वकिलांनाच विचारलं, की ह्यांनी नेली का नाही, तुम्हाला तर माहीत असेल.

ते म्हणाले, "मी त्यांना विचारलंच नाही."

"का?"

"विचारलं असतं तर व्हय म्हणाले असते."

मी चिडले. म्हटलं, ही चेष्टेची गोष्ट नाही. ते म्हणाले, चेष्टा करत नाही. आणि कपाटावरची भाकरी घेऊन उभ्यानं खायला लागले.

त्यानंतर चार-पाच वर्षं गेली असतील. मालकांना हिवताप आला. भर दुपारी गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासू वारली होती, मुली शाळेत. घरात आम्ही दोघंच. मी कपाळावरची पट्टी बदलत होते आणि तोंडातून निघून गेलं.

"अवं, ती घंटा तुमी नेली हुती का?"

ते वळले नाहीत. भिंतीकडेच बघत म्हणाले, "व्हय."

मी पट्टी पिळली, परत ठेवली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक व्हय आला असता.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पाणी भरलं, झाडलं, दार लोटलं, काचेतला कागद पुसला. मग डबल वकिलांना सगळं सांगितलं. ते लिहिणं थांबवून ऐकत होते. ताप किती होता, मी नाव घेऊन हाक मारली होती का, त्यांनी श्वास आधी घेतला की नंतर, हे सगळं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वही काढली, नवं पान उघडलं, तारीख घातली. मी वाट बघत होते, की हा माणूस दोन वर्षं ह्याच्यासाठी पुण्याला राहून आला आहे, आता हा सांगेल.

त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे ठेवली आणि टाक माझ्या हातात दिला.

"मी तिथं नव्हतो. ऐकलं तुम्ही."

मी टाक धरून बसले. तीन रकाने. ऐकलं, कबूल, जाऊ द्या. बाहेर शाळेचा ठोका पडला. मालक घरी होते, म्हणजे वाजवणारा दुसरा कुणी होता, आणि ते लगेच कळत होतं, कारण आमचे मालक दोन ठोक्यांच्या मधे जरा थांबायचे आणि हा थांबत नव्हता.

मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. व्हय.

डबल वकिलांनी वही परत घेतली, शाई वाळेपर्यंत उघडी धरली आणि मिटली.

"अक्षर सुधारलंय," म्हणाले.